सिंधुदुर्गाभोवतीचा समुद्र : मालवणची स्नॉर्केलिंग सफर

डोळ्यांवर काचेचा मास्क लावून, तोंडात श्वासनळी धरून पाण्यावर पालथे तरंगायचे आणि खालचा समुद्र पाहायचा, याला स्नॉर्केलिंग म्हणतात. पाठीवर हवेची टाकी नसते, खोल बुडी मारावी लागत नाही, पट्टीचे पोहता आलेच पाहिजे अशी अटही नसते. महाराष्ट्रात हा प्रकार सर्वाधिक रुजला तो मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र उथळ आणि खडकाळ आहे. त्या खडकांवर प्रवाळ वाढतात आणि प्रवाळांच्या आधाराने माशांची वस्ती होते. पर्यटक सहसा होडीने किल्ला पाहून येतात आणि स्नॉर्केलिंगची फेरी वेगळी घेतात. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टींचा पाया एकच आहे. ज्या खडकांमुळे ही जागा किल्ल्यासाठी योग्य ठरली, त्याच खडकांवर आज पाण्याखालची जीवसृष्टी उभी आहे.

खडकांनी राखलेला किल्ला

सतराव्या शतकाच्या मध्याला कोकण किनाऱ्यावर अनेक सत्तांचा वावर होता. जंजिऱ्याला सिद्दी होता, गोव्याला पोर्तुगीज होते, वेंगुर्ल्याला डचांची वखार होती आणि राजापूरला इंग्रजांची. स्वराज्याचे आरमार उभे राहत असताना दक्षिण कोकणात त्याला भक्कम तळ हवा होता. शिवाजी महाराजांनी त्यासाठी मालवणसमोरचे कुरटे बेट निवडले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किनाऱ्यावरच्या एका खडकावर पूजा होऊन कामाला आरंभ झाला. गणपती, चंद्र-सूर्य आणि शिवलिंग कोरलेला तो खडक 'मोरयाचा धोंडा' या नावाने आजही दाखवला जातो. बांधकाम हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली झाले असे मानले जाते. पायाचे चिरे बसवताना शिसे ओतल्याची हकिकतही परंपरेने सांगितली जाते. साधारण तीन वर्षांत, १६६७ च्या सुमारास, किल्ला उभा राहिला.

किल्ल्याचा विस्तार सुमारे ४८ एकर आहे. तट सुमारे ३० फूट उंच, १२ फूट जाड आणि नागमोडी वळणाचा असून त्याची लांबी तीन किलोमीटरच्या घरात जाते. वळणांमुळे तटाच्या एका भागावरून दुसऱ्या भागाच्या पायथ्यावर मारा करता येत असे. दरवाजा गावाच्या दिशेला, दोन बुरुजांच्या आड असा दडवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो ओळखू येत नाही. चारही बाजूंनी खारे पाणी असताना किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. इ. स. १६९५ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांनी इथे शिवराजेश्वराचे मंदिर बांधले. काही कुटुंबे आजही किल्ल्यात राहतात.

या तटाइतकेच महत्त्वाचे संरक्षण तटाबाहेर, पाण्यात होते. बेटाभोवती पृष्ठभागाच्या थोडेसेच खाली असंख्य खडक आहेत. भरतीला ते झाकले जातात, ओहोटीला त्यांतल्या काहींचे माथे उघडे पडतात. खोल तळाची परकी गलबते या भागात शिरली तर खडकावर आपटण्याचा धोका होता. अरुंद वाटा माहीत असलेला स्थानिक तांडेल मात्र आपली लहान होडी बिनधोक नेत असे. जवळचा पद्मगड, किनाऱ्यावरचा राजकोट आणि कोळंबच्या खाडीच्या मुखाशी असलेला सर्जेकोट ही या संरक्षणाची पुढची कडी होती. ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगडाकडे चालत जाता येते, यावरून इथले पाणी किती उथळ आहे हे समजते.

इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकरांकडे परत आला. १८१२ मध्ये मात्र तो कायमचा इंग्रजांकडे गेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. सिंधुदुर्ग त्यांपैकी एक आहे.

किल्ल्याभोवतीचे अभयारण्य

किल्ल्याच्या सभोवतालचे पाणी स्वतंत्रपणे संरक्षित आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. त्यातला सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र असून बाकीचा भाग त्याभोवतीचे संरक्षक क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग आणि पद्मगडाच्या परिसरातले पाणी गाभा क्षेत्रात येते. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर प्रवाळ इतक्या सहज पाहता येतील अशा जागा फार थोड्या आहेत.

अभयारण्याची घोषणा झाली तेव्हापासून स्थानिक मच्छीमारांच्या मनात त्याविषयी धास्ती राहिली. मालवणचा गाबीत समाज पिढ्यानपिढ्या याच पाण्यावर जगत आला आहे. सगळ्या गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायची रापण ही इथली जुनी पद्धत. संरक्षणाच्या नावाखाली मासेमारी बंद होईल, ही त्यांची भीती समजण्यासारखी होती. पुढे पर्यटन वाढले आणि याच घरांतली अनेक तरुण मुले होडी चालवणे, वाट दाखवणे आणि पाण्यात पर्यटकांना सांभाळणे या कामांत उतरली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडांचे प्रशिक्षण देणारी संस्था उभारल्यावर या कामाला शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोडही मिळाली. प्रवाळ शाबूत राहण्यात आता गावाचाही रोकडा फायदा आहे.

हंगाम, वारा आणि भरती

सफरीचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत असतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि किल्ल्याची होडीही बंद राहते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही बंदी असते. नारळी पौर्णिमेला मालवणच्या धक्क्यावर समुद्राला नारळ अर्पण होतो आणि नव्या हंगामाची तयारी सुरू होते. पाणी मात्र लगेच निवळत नाही. पावसाने नद्या-खाड्यांतून आणलेला गाळ खाली बसायला वेळ लागतो. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ पाण्याखाली पाहण्यासाठी सर्वांत चांगला समजला जातो.

दिवसातली वेळ वाऱ्यावर ठरते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते मंद असतात आणि किनाऱ्याजवळचे पाणी सपाट ठेवतात. दिवस वर आला की जमीन तापते, वाऱ्याची दिशा उलटते आणि समुद्राकडून खारे वारे सुटतात. दुपारनंतर त्यांचा जोर वाढतो, पाण्यावर लाटा उठतात आणि तळाची वाळू ढवळली जाते. अनुभवी नाववाले स्नॉर्केलिंगसाठी सकाळ सुचवतात ते यामुळेच.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. ओहोटी लागली की खाड्यांतले गढूळ पाणी बाहेर येते. भरतीबरोबर बाहेरच्या समुद्राचे स्वच्छ पाणी किनाऱ्याशी येते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती मोठी असते आणि पाण्याला ओढही जास्त असते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, हा फरक कमी होतो. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना ठोकताळा सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा अंदाजे तास मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, दशमीला साडेसातला, द्वादशीला नऊला. जागेप्रमाणे यात कमी-अधिक फरक पडतो. वारा आणि भरती या दोन्हींचा मेळ घातला तर दशमी-द्वादशीच्या सकाळी शांत वारा आणि भरलेले पाणी एकत्र मिळण्याची शक्यता जास्त असते.

सफरीचा क्रम

मालवणचा धक्का, दांडी, चिवला, तारकर्ली आणि देवबाग अशा ठिकाणांहून होड्या सुटतात. बहुतेक होड्या फायबरच्या असून मागे इंजिन लावलेले असते. होडीत तांडेल आणि पाण्यात उतरणारे एक-दोन गाइड असतात. होडीत पाय ठेवण्याआधी प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवले जाते. होडी निघाली की उजव्या-डाव्या हाताला तट, बुरुज आणि मधूनच फेसाळणारे पाणी दिसते. जिथे वारा नसतानाही पाणी फुटते तिथे खाली खडक आहे, हे तांडेल लांबूनच ओळखतो आणि होडी बाजूने काढतो. किल्ल्याच्या बांधणीच्या काळात नाखव्यांना लागणारे ज्ञान हेच होते.

ठरलेल्या जागी होडी थांबते. नांगर टाकायचा तो वाळूत, प्रवाळांवर नाही. त्याहून चांगली सोय म्हणजे तळाशी कायम बांधून ठेवलेला तरंगता बोया, ज्याला होडी नुसती बांधता येते. त्यानंतर गाइड प्रत्येकाचा मास्क तपासतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हवा आत ओढायची. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. एखादी केसांची बट जरी काचेच्या रबरी कडेखाली अडकली असली तरी तिथून पाणी आत झिरपते. दाढी-मिशा असणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो. काचेवर धुके साचू नये म्हणून आतून थुंकी किंवा पातळ शाम्पू चोळून काच विसळतात.

पहिली काही मिनिटे होडीला धरून तोंडाने श्वास घेण्याचा सराव होतो. नाक मास्कमध्ये बंद असल्याने शरीराला ही सवय लावून घ्यावी लागते. श्वास संथ आणि खोल लागला की गाइड पर्यटकाच्या हाती तरंगते रिंग देतो आणि ते ओढत त्याला खडकांवरून फिरवतो. पोहता न येणाऱ्यांसाठी मालवणला ही पद्धत सर्रास वापरली जाते. खुणा आधीच ठरतात. अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ म्हणजे सगळे ठीक. हात उंच करून हलवला तर मदत हवी आहे. पाण्यात प्रत्यक्ष वेळ फार नसतो, पण तेवढ्यात किती दिसेल हे श्वास किती शांत आहे यावर अवलंबून असते. धडपडणारा माणूस माशांना दूर पळवतो आणि लवकर दमतोही.

साधनांमागचे विज्ञान

पाण्यात उघड्या डोळ्यांना अंधूक दिसते, कारण डोळ्याचे बुबुळ आणि पाणी यांत प्रकाश जवळपास सारखाच वाकतो. हवेतून डोळ्यात शिरताना प्रकाशाचे जे वक्रीभवन होऊन प्रतिमा पडद्यावर नेमकी पडते, ते पाण्यात पुरेसे होत नाही. मास्क डोळ्यांसमोर हवेचा थर ठेवतो आणि दृष्टी पुन्हा स्पष्ट होते. मात्र आता प्रकाश पाण्यातून काचेमार्गे हवेत येतो. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३ असल्याने वस्तू साधारण एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी भासते. पाण्याखाली 'एवढा मोठा' पाहिलेला मासा होडीत आल्यावर लहान का ठरतो, त्याचे कारण हे आहे. हाताच्या अंतरावर वाटणारा खडक प्रत्यक्षात थोडा लांब असतो.

पोहण्याचे साधे गॉगल इथे चालत नाहीत. पाण्याखाली गेल्यावर दाब वाढतो आणि मास्कमधली हवा आक्रसते. नाक मास्कच्या आत असेल तर नाकाने थोडी हवा सोडून तो दाब बरोबर करता येतो. गॉगलमध्ये ही सोय नसल्याने डोळ्यांवर ताण येतो.

श्वासनळी साधारण हातभर किंवा त्याहून आखूड का असते, हा प्रश्न अनेकांना पडतो. लांब नळी घेऊन खोल जाता येणार नाही का? एक मीटर खोलीवर छातीवर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १०० ग्रॅम जास्त भार येतो. नळीतली हवा मात्र वरच्या साध्या दाबाचीच असते. त्या भाराविरुद्ध छाती फुगवून हवा आत ओढणे श्वसनाच्या स्नायूंना फार काळ झेपत नाही. शिवाय नळी जितकी लांब, तितकी सोडलेली हवा नळीतच उरते आणि पुढच्या श्वासाबरोबर परत आत येते. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड साठत जाऊन गुदमरल्यासारखे होते. संथ आणि खोल श्वास घ्यायला सांगतात त्याचे कारणही हेच. उथळ, भराभर श्वास घेणारा माणूस बहुतांश नळीतलीच शिळी हवा आत-बाहेर करत राहतो.

रंगांचेही गणित बदलते. पाणी आधी लाल प्रकाश शोषते, मग नारिंगी आणि पिवळा. चार-पाच मीटर खाली लाल रंग फिका, तपकिरी दिसू लागतो. निळा-हिरवा प्रकाश सर्वांत खोल पोचतो. म्हणून वरून तरंगत पाहताना उथळ खडकांवरचे रंग उठून दिसतात आणि खोल भाग निळसर एकरंगी वाटतो. आवाजाची गंमत वेगळी आहे. तो पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच क्षणी पोचल्याने कुठून आला हे कळत नाही. येणाऱ्या होडीचे इंजिन ऐकू येते, दिशा समजत नाही. त्यामुळे डोके वर काढून पाहणे आणि गाइडच्या आसपासच राहणे गरजेचे असते.

खडकांवरची वस्ती

मालवणला लक्षद्वीप किंवा अंदमानसारखी पारदर्शक निळाई नाही. खाड्यांचा गाळ आणि समुद्रातली सूक्ष्म वनस्पती यांमुळे पाण्याला हिरवट झाक असते आणि काही मीटरपुढे दिसत नाही. प्रवाळांची सलग भिंतही इथे नाही. ते खडकांवर तुकड्या-तुकड्यांनी वाढतात. पण गढूळ पाण्यात आणि पावसाळ्याच्या माऱ्यात टिकून राहिलेले प्रवाळ म्हणून त्यांचे महत्त्व वेगळे आहे.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला प्रवाळ म्हणजे रंगीत दगड वाटतो. जवळून पाहिले तर त्या घुमटाच्या पृष्ठभागावर बारीक खळग्यांची जाळी दिसते. प्रत्येक खळग्यात एक जीव असतो, त्याला पॉलिप म्हणतात. पोराइट्स प्रजातीत हे खळगे मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे असतात. फेवाइट्समध्ये ते मोठे असतात आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसतात. पॉलिप समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम घेऊन कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बनवतो. पिढ्यांवर पिढ्या रचत वसाहत मोठी होते. अनेक प्रवाळांचे पॉलिप दिवसा आत मिटलेले असतात आणि रात्री शुंडके बाहेर काढून सूक्ष्मजीव पकडतात. दिवसाचे अन्न मात्र त्यांच्या शरीरातच तयार होते. पॉलिपच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवल राहते. ते प्रकाशसंश्लेषणाने साखर बनवते आणि तिचा बराच वाटा पॉलिपला देते. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट किंवा पिवळसर रंगही बहुतांशी या शैवलाचाच असतो. पोराइट्सचा घुमट वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. त्यामुळे ३० सेंटीमीटर उंचीच्या घुमटामागे साधारण ३० वर्षे असतात.

टर्बिनारिया प्रवाळ पसरट ताटासारखे वाढते. त्याच्या कडेखाली लहान मासे आणि खेकडे आसरा घेतात. खडकाच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कालवे चिकटलेली असतात आणि त्यांच्या धारदार कडांनी पाय कापतो. हिवाळ्यात सरगॅसम हे तपकिरी शैवल झुडपासारखे वाढते, त्याच्या हवेने भरलेल्या गोळ्या त्याला वर उचलून धरतात आणि माशांची पिल्ले त्यात लपतात. तळाशी समुद्रकाकडी वाळू गिळून तिच्यातले सेंद्रिय कण वेगळे करते आणि स्वच्छ वाळू मागे टाकते. तळाच्या वाळूची मशागत ती अशी करत असते.

माशांमध्ये सर्वांत आधी भेटतात ते पिवळ्या पाठीचे आणि अंगावर पाच उभे काळे पट्टे असलेले सार्जंट मासे. ते थव्याने येतात आणि माणसाला घाबरत नाहीत. विणीच्या काळात मात्र नराची वागणूक बदलते. तो खडकाचा वितीएवढा तुकडा शैवल खुडून साफ करतो. मादी तिथे अंडी चिकटवून निघून जाते. त्यानंतर नर एकटाच त्या तुकड्यावर घिरट्या घालत राहतो. पंखांनी अंड्यांवर पाणी खेळवतो, मेलेली अंडी वेचून काढतो आणि त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा मासा जवळ आला तरी अंगावर धावून जातो. त्याचा रंगही या दिवसांत निळसर गडद होतो. तरंगणाऱ्या माणसाच्या काचेवर मासा येऊन धडकला तर बहुतेक वेळा खाली अंडी असतात.

पोपट मासा चोचीसारख्या दातांनी खडकावरचे शैवल खरवडतो. पाणी शांत असेल तर त्याचा कुरकुर आवाज ऐकू येतो. खरवडलेला चुना त्याच्या पोटातून बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. कपारीतून गोबऱ्याचे रुंद तोंड दिसते, फुलपाखरू मासे जोडीने फिरतात आणि माकुल पाहता पाहता रंग बदलते. नशीब असेल तर समुद्री कासव चरताना दिसते. होडीच्या वाटेवर डॉल्फिनची पाठही दिसू शकते. किनाऱ्याजवळ वावरणारा, पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन या समुद्रातला नेहमीचा रहिवासी आहे.

सुरक्षितता

समुद्रात निष्काळजीपणाला माफी नसते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे नकोत, प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट बांधलेले हवे आणि नौकेला महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी हवी. या तीन गोष्टी पैसे देण्याआधीच विचारून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. खराब हवेत तांडेल होडी काढायला नकार देत असेल तर त्याच्यावर दबाव आणू नये.

दमा, फिट्स किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. दारू पिऊन तर मुळीच उतरू नये. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेण्याची सवय जीवघेणी ठरू शकते. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घेण्याची इच्छा उशिरा होते आणि त्याआधीच ऑक्सिजन संपून पाण्याखाली शुद्ध हरपते. कपारीत हात घालू नये. सी-अर्चिनचे काटे, लायनफिशचे विषारी काटे आणि जेलीफिशचे शुंडके यांच्यापासून दूर राहण्याचा सोपा उपाय म्हणजे कशालाही हात न लावणे. उथळ वाळूत चालताना पाय घासत चालावे, म्हणजे वाळूत दबा धरून बसलेले पाकट आधीच सरकते. समुद्रात अपघात झाला तर तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे.

प्रवाळांवरचे ताण

प्रवाळांना सर्वांत मोठा धोका तापणाऱ्या समुद्राचा आहे. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा अंशभर जरी जास्त राहिले आणि ते काही आठवडे टिकले, तर पॉलिप आपल्या आतले शैवल बाहेर टाकतात. रंग जातो आणि पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला प्रवाळांचे विरंजन म्हणतात. पाणी लवकर थंड झाले तर शैवल परत येऊन प्रवाळ सावरतात, नाहीतर उपाशी मरतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये जगभर अशी मोठी लाट आली होती. मालवणच्या प्रवाळांतही विरंजन नोंदले गेले आहे.

हवामान एका गावाच्या हाती नाही, पण इतर ताण आहेत. चुकीच्या जागी टाकलेला नांगर वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडतो. पायांत घातलेल्या फिन्सचा फटका किंवा दमलेल्या माणसाने खडकावर टेकवलेला पाय पॉलिपचा पातळ थर चिरडतो. फोटोत मासे जास्त यावेत म्हणून पाव-बिस्किटे टाकली जातात. त्याने सार्जंटसारख्या धीट माशांची गर्दी होते, बाकीचे मासे मागे हटतात आणि खडकावरचे शैवल खाण्याचे त्यांचे काम थांबते. शैवल माजले की प्रवाळ झाकले जातात. काही सनस्क्रीनमधले ऑक्सिबेन्झोन प्रवाळांना घातक असल्याच्या कारणावरून हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला तर अंगाला फारसे काही चोळावे लागत नाही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. टणक प्रवाळ आणि समुद्रकाकडी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याने त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. आठवण म्हणून खिशात टाकलेला प्रवाळाचा तुकडाही गुन्हा ठरतो.

मालवणला जाणाऱ्याने म्हणून थोड्या गोष्टी पाळाव्यात. हंगामातली शांत सकाळ निवडावी, परवाना असलेल्या होडीतूनच जावे, पाण्यात काही टाकू नये आणि तिथून काही उचलू नये. नांगर प्रवाळांवर पडत असेल तर तिथल्या तिथे बोलावे, आणि नीट काम करणाऱ्या गाइडला त्याचे पूर्ण पैसे घासाघीस न करता द्यावेत. किल्ल्याच्या तटाचा चिरा कोणी उखडत असेल तर आपण त्याला अडवू. तटाबाहेरच्या खडकांवरचा प्रवाळही तितक्याच हक्काने जपायला हवा.